खारी काहील

आमच्याकडं मळी दोन प्रकारची. नदीकाठच्या गाळाच्या रानाला मळी म्हणतात, आणि उसाचा रस उकळायला लागला की वर जो काळपट फेस येतो, त्यालाही मळीच म्हणतात. परक्या माणसाचा यात घोळ होतो, आमचा होत नाही. एक मळी जपायची आणि दुसरी काढून टाकायची, एवढं गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लालासाब गुळव्याचा मात्र या दोन मळ्यांत घोळ झाला, आणि तोही चांगला चार वर्षं. माझी थोरली चुलती ही हकीकत सांगायची. तिच्या आईचं, तानाबाईचं, रान त्यात पणाला लागलेलं, त्यामुळं सांगताना तिचा आवाज अजून चढायचा.

लालासाब आमच्याच गावचा. पंचगंगेच्या काठचं, कोल्हापूरहून कबनूरकडं जाताना लागणारं आमचं गाव. घरात बायको चाँदबी, एक म्हैस आणि नावाला पाऊण एकर माळ. पोट भरायचं ते हातातल्या कसबावर. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळात गूळ शिजवणारा कारागीर. ऊस शेतकऱ्याचा, चरक ओढणारे बैल शेतकऱ्याचे, चुलवाणात जाळ घालणारा माणूस वेगळा. पण रसाची काहील, म्हणजे भली मोठी पसरट कढई, चुलवाणावरून कधी उतरवायची, हे सांगायचा अधिकार एकट्या गुळव्याचा. जरा आधी उतरली तर गूळ पघळतो, जरा उशीर झाला तर करपतो. तेवढ्या क्षणापुरतं गावच्या पाटलालाही गुळव्यापुढं तोंड उघडता येत नसे.

लालासाबला याचा तोरा होता. का नसावा? उकळत्या पाकाचा थेंब तो पाण्याच्या वाटीत टाकायचा, बोटानं त्याची गोळी वळायचा, कानाजवळ नेऊन वाटीवर टिचकी मारायचा आणि म्हणायचा, “उतरवा.” कानाजवळ नेऊन त्याला काय ऐकू यायचं, देव जाणे. माझ्या मते ते नुसतं सोंग होतं. पण गूळ असा पिवळाधमक आणि कणीदार उतरायचा, की सोंगालाही मान द्यावा लागे. शाहू महाराजांच्या अमलात शाहूपुरीची गुळाची पेठ नव्यानं नावारूपाला येत होती. तिथले अडते रव्यावर, म्हणजे गुळाच्या ढेपेवर, नुसती थाप मारून विचारायचे, “लालासाबच्या हातचा काय?”

यातूनच गावात एक समजूत पक्की झाली होती. रानाची परीक्षा काहिलीत. गूळ अस्सल उतरला म्हणजे रान निरोगी, असं सगळे धरून चालत. समजूत तशी खोटी नाही. खारवट जमिनीतल्या उसाचा गूळ खारट होतो, मऊ राहतो, पावसाळ्यात पाणी सोडतो. पण काहील आणि रान यांच्यामध्ये एक माणूस उभा असतो, ही गोष्ट गावानं हिशेबात धरली नव्हती.

हंबीरराव हा लालासाबचा लहानपणापासूनचा दोस्त. दोघं एकाच डोहात पोहायला शिकलेले, एकमेकांना अरेतुरे करायचे. हंबीररावाची नदीकाठची सहा एकर मळी म्हणजे गावचं नाक. त्याच्या वडलांच्या वेळी त्या रानात एकदा ऊस झाला की पुढच्या वर्षी ताग पेरून फुलावर आला की गाडायचे, मग हरभरा घ्यायचे, आणि उन्हाळ्यात धनगराची बकरी महिनाभर रानात बसवायचे. एक पीक जाताना पुढच्या पिकासाठी रानात जे मागं ठेवून जातं, त्याला आम्ही बेवड म्हणतो. हरभऱ्याचा बेवड चांगला, तागाचा त्याहून चांगला. म्हातारा सांगायचा, माणूस बघायचा तर त्याचा बेवड बघावा.

हंबीरराव हसायचा. पेठेत गुळाला गिऱ्हाईक वाढलं तसं त्यानं ताग सोडला, हरभरा सोडला, धनगराला “औंदा नगं” म्हणून सांगितलं. नवी विहीर पाडून तिच्यावर दोन मोटा बसवल्या. कुणी बेवडाचं काढलं की म्हणायचा, “उसाला उसाचाच बेवड.” लोकांना ते वाक्य फार आवडलं. मूर्खपणाची गोष्ट ठसक्यात सांगितली की आमच्या मुलखात तिला शहाणपणाचा भाव येतो.

त्या सहा एकरांतली वरची तीन एकरं उतरती होती, पाणी निघून जायचं. खालची तीन खोलगट. तिथं दोन मोटांचं पाणी बारा महिने मुरत राहिलं. काळ्या मातीला पाणी प्यायला आवडतं, पण प्यालेलं पाणी बाहेर टाकायला तिला वाट लागते. ती वाट तिथं नव्हती. पाचव्या वर्षी उन्हाळ्यात खालच्या अंगाला मातीवर पांढरं फुटलं, कुणी पीठ भुरभुरावं तसं. उसाची पानं पिवळी पडली, मधे मधे थाळीएवढ्या जागेत काही उगवेनासं झालं.

हंबीररावानं ते बघितलं आणि म्हणाला, “रान तानलंय.” आणि आणखी पाणी सोडलं. उन्हाळ्यात माणसाच्या ओठांवर पांढरं येतं ते तहानेनं, मग मातीवर आलं तर तेही तहानेनंच, असा त्याचा हिशेब. मनापासून केलेली चूक होती ती. रानावर त्याचा जीव होता, म्हणून तर तो त्याला पाजत सुटला.

पुढच्या हंगामात पहिल्या दिवशी लालासाबनं चरकाखालचा रस जिभेवर घेतला आणि थांबला. रस खारट होता. फार नाही, डाळीत मीठ जरा जास्त पडावं एवढा. त्यानं खालच्या अंगाचा आणि वरच्या अंगाचा ऊस वेगवेगळा चाखून बघितला आणि सगळं त्याच्या ध्यानात आलं.

इथं त्यानं हंबीररावाला हाक मारायची होती. मारली नाही. त्यानं वरचा चांगला ऊस आणि खालचा खारा ऊस मिसळून चरकात घालायला लावला. चुन्याची निवळी जरा जास्त घातली, भेंडीच्या रसानं मळी तीन तीनदा वर आणून काढली, पाक नेहमीपेक्षा जरा पुढं नेला. गूळ उतरला तो पिवळाच, कणीदारच. पेठेत थाप पडली आणि तोच प्रश्न आला, “लालासाबच्या हातचा काय?” लालासाब खूश झाला. कारागिराला जिंकल्यासारखं वाटतं ना, तसं त्याला वाटलं.

मग दर वर्षी हेच. पाव्हण्यारावळ्यांना द्यायचा रस तो वरच्या अंगाचा ऊस निवडून काढायचा. हंबीररावाच्या दाढा तंबाखूनं कधीच गेलेल्या, त्यामुळं ऊस तो बघायचा, खायचा नाही. आणि रसानं छाती भरते म्हणून रसही घ्यायचा नाही. तोडणीच्या माणसांना कळलं असणार. पण तोडणीच्या माणसांना विचारतो कोण?

एकटी चाँदबी नवऱ्याला ओळखून होती. चौथ्या हंगामात तो चुन्याचं भांडं धुवून घेत होता, तेव्हा ती म्हणाली, “गूळ ग्वाड केलासा तुमी. रान कुणी ग्वाड करायचं?”

लालासाब तिच्यावर खेकसला. खरं बोलणाऱ्या बायकोवर खेकसणं सोपं असतं.

त्या चौथ्या हंगामाच्या शेवटाला, फाल्गुनात, तानाबाई गुऱ्हाळात आली. तानाबाई म्हणजे हंबीररावाची धाकटी बहीण. गावातच दिलेली, नवरा वारलेला, पदरात दोन मुली. हंबीररावाच्या मळीच्या अगदी खाली, बांधाला बांध लागून, तिची अडीच एकराची पट्टी होती. तीत ती जोंधळा काढायची, मधे तुरीच्या ओळी. त्या पट्टीवर तीन माणसांची वर्षाची भाकरी निघायची, दुसरं काही नव्हतं.

हंबीररावानं तिला सांगितलं होतं, “माज्या हिरीवरनं पाट काढून देतो. जोंधळा बास कर आता, ऊस लाव.” भावानं मायेनं दिलेलं पाणी. नाही म्हणायला तिला तोंड नव्हतं, आणि हो म्हणायला धीर होत नव्हता.

ती लालासाबच्या समोर उभी राहिली. म्हणाली, “लालाभाऊ, दादा म्हणतोय पाणी घे. गूळ बघितला तर दादाचं खरंच हाय. पर त्येच्या खालच्या अंगाचा ऊस मला बारीक दिसतोय. मला काय कळत न्हाय. तुज्या काहिलीला कळतं. तू सांग, घिऊ का पाणी?”

लालासाबच्या हातातला झारा तसाच राहिला. गावातला कुणी अडता असता, कुणी पाटील असता, तर त्यानं दोन वाक्यांत वाटेला लावलं असतं. पण ही बाई त्याच्या गुळावर विश्वास टाकून आपली भाकरी त्याच्या हातात देत होती.

“उद्या सांगतो, तानाक्का,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो दोन्ही रानांतून फिरला. तानाबाईच्या रानातलं ढेकूळ मुठीत दाबलं की भुसभुशीत होऊन फुटायचं. बांध ओलांडून वर हंबीररावाच्या खोलगट भागातलं ढेकूळ घेतलं, तर ते हाताला मेणासारखं चिकट लागलं, आणि वाळलेलं ढेकूळ दगडावर आपटलं तरी फुटेना. पावलाखाली रान टणक झालं होतं. तानाबाईच्या रानात गांडुळांच्या मातीचे बारीक ढीग दिसत होते, इथं एकही नव्हता. लालासाबनं ती माती जिभेवर ठेवली. चार वर्षं जी चव तो चुन्यानं आणि भेंडीनं मारत आला होता, ती इथं उघडी होऊन बसली होती.

त्याला स्वतःचीच शिसारी आली. पहिल्याच वर्षी बोलला असता तर रानाची एक कड गेली असती. आता तीन एकरं गेली होती, आणि त्याच्या गुळाच्या भरवशावर तानाबाईचंही रान जायला निघालं होतं.

गुऱ्हाळात येऊन तो म्हणाला, “आज निस्ता खालच्या अंगाचा ऊस घाला. वरचं एक कांडं नगं.”

त्या दिवशी शेवटची काहील, म्हणून हंबीरराव स्वतः हजर. तानाबाई होती, गावची दहावीस माणसं होती. लालासाबनं चुना घातला तो नेहमीएवढाच. मळी काढली ती एकदाच. गोळी वळली, पण वाटीला टिचकी मारली नाही. काहील उतरवली आणि साचे भरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साचे उपडे केले. पहिला रवा फडक्यातून निघाला आणि लोकांच्या डोळ्यांदेखत बसला. काळपट, ओलसर, कडेनं पाझरणारा. दुसरा तसाच. तिसरा तसाच.

कुणीच रानाचं नाव काढलं नाही. चुलवाणात जाळ घालणारा गुंडू हळूच म्हणाला, “लालासाबचा हात गेला.” आणि सगळ्यांनी माना हलवल्या. वय झालं, नजर लागली, घरात काही झालं असेल. माणूस चुकला हे पटायला गावाला क्षणभर लागला नाही. रान बिघडलं असेल, हे मात्र कुणाच्या मनातही आलं नाही.

लालासाबला गप्प बसून सुटता आलं असतं. म्हातारपणानं हात गेला, एवढंच नाव झालं असतं, आणि त्यावर लोकांनी दयाही दाखवली असती.

तो उठला. “हात जाग्यावर हाय,” तो म्हणाला. “रान गेलंय. हा गूळ खरा हाय. चार वर्सं दिला त्यो खोटा हुता.” आणि त्यानं सगळं सांगितलं. मिसळलेला ऊस, चुना, भेंडी, पाव्हण्यांचा वेगळा रस.

हंबीरराव लाल झाला. “चार वर्सं माज्याच गुऱ्हाळात बसून मलाच येड्यात काढलंस व्हय रं?”

“व्हय.”

“कशापायी?”

“माज्या नावापायी. लालासाबचा रवा पघळला म्हणून पेठेत कुणी म्हणू नये, म्हणून. रानाचं त्यावक्ताला मला काय पडलं न्हवतं.”

हंबीररावानं त्याला मारलं असतं तर बरं झालं असतं, असं लालासाब पुढं म्हणायचा. हंबीररावानं नुसतं गुऱ्हाळाबाहेर बोट दाखवलं. लालासाब झारा ठेवून निघाला. तानाबाईनं बसलेल्या रव्याचा एक चिमटा तोंडात टाकला, चघळला, गिळला. मग भावाला म्हणाली, “दादा, पाट नगं मला.”

ही गोष्ट इथं संपली असती तर सोपी झाली असती. पण पाट आला नाही म्हणून पाणी यायचं थांबत नाही. हंबीररावानं रागारागानं खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या फुटव्याला, दुप्पट पाणी द्यायला सुरुवात केली, आणि ते जमिनीच्या पोटातून तानाबाईच्या बांधाकडं सरकायला लागलं. चैत्रात तिच्या वरच्या कडेला तळहाताएवढं पांढरं दिसलं.

दुसऱ्या सकाळी लालासाब कुदळ घेऊन तिच्या रानात हजर. बांधाच्या खालच्या अंगाला, तिच्याच हद्दीत, कमरेएवढा खोल चर खणायचा आणि तो ओढ्याला नेऊन सोडायचा, असा त्याचा बेत. तानाबाई म्हणाली, “भाऊ, ह्ये तुजं काम न्हवं.” त्यानं ऐकलं नाही. आयुष्यभर चुलवाणाच्या उबेला उभा राहिलेला माणूस, कुदळीची सवय नाही. दुसऱ्या दिवशी तळहात सोलले. चाँदबी टोपलीनं माती उचलायला आली. लोक बांधावरून बघून जायचे. कुणी म्हणायचं, नाटक आहे. कुणी म्हणायचं, पाप फेडतोय. मला वाटतं, दोन्ही थोडं थोडं असेल. पण चर मात्र रोज चार हात पुढं जात होता.

वैशाखात चर ओढ्याला भिडला. त्यानंतर हंबीररावाच्या मोटा दोन दिवस चालल्या आणि तिसऱ्या दिवशी चराच्या वरच्या भिंतीतून पाणी पाझरायला लागलं. दुपारपर्यंत तळाशी बारीक धार झाली. कडेला जिथं वाळलं, तिथं पांढरी रेघ उठली.

हंबीरराव बांधावर येऊन उभा राहिला. आपल्या विहिरीचं पाणी आपल्या उसाला पाजलेलं, ते खालून असं वाहून चाललेलं बघून त्याला राग आला असावा. तो खाली उतरला, धारेत बोट बुडवलं आणि चाखलं. त्या रानातली चव त्यानं स्वतःच्या जिभेवर घेतली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

“खारट हाय,” तो म्हणाला.

“व्हय,” लालासाब म्हणाला.

“माज्या बाच्या वक्ताला ह्या रानातल्या पाण्यानं जेवाण शिजायचं.”

हंबीरराव उठला, हात धोतराला पुसले. “तुला म्या माफ केलं न्हाय,” तो म्हणाला, “पर चर कसा काढायचा ते माज्या गड्यास्नी येऊन दाखव.”

त्याच्या खोलगट तीन एकरांत दोन चर निघाले. सहाही एकरांतला खोडवा मोडला. पावसाळ्यात ताग टाकला. अर्ध्या जागेत उगवलाच नाही, उगवला तेवढा गाडला. धनगराला पुन्हा निरोप गेला. रान सुधारलं म्हणून मी सांगितलं तर ते खोटं होईल. चार वर्षांत बिघडलेली ती जागा पुढं कितीतरी वर्षं अर्धवटच राहिली, आणि थोरली चुलती सांगायची त्यावेळी देखील तिथला एक तुकडा ओसाड होता. मातीला लाज नसते आणि घाईही नसते, ती तिच्या वेळेनं येते.

लालासाबला पुन्हा कुणी गुऱ्हाळावर बोलावलं नाही. हंबीररावाच्या मळीत ऊसच राहिला नाही, आणि बाकीच्यांना रस मिसळणारा गुळव्या नको होता. कार्तिकात गावात चरक सुरू झाले, चुलवाणांचा धूर निघाला, आणि तो घराच्या सोप्यात बसून राहिला. चाँदबी म्हणायची, त्या महिन्यात तो तिच्याशी धड बोललासुद्धा नाही. गुळाचा वास वाऱ्यावर आला की उठून आत जायचा.

मार्गशीर्षात तानाबाईच्या जोंधळ्याचं खळं लागलं. त्या वर्षी कणसं भरून आली होती, वरच्या कडेलाही. मळणी झाली, रास पडली, आणि रिवाजाप्रमाणं बलुतेदार सुपं घेऊन आले. लोहार आला, सुतार आला, कुंभार, परीट, न्हावी. तानाबाई प्रत्येकाच्या सुपात आपल्या हातानं जोंधळा घालत होती. लालासाब आणि चाँदबी सकाळपासून उफणायला मदत करत होते. काम आटोपलं तसा तो अंग झटकून बाजूला झाला.

“लालाभाऊ,” तानाबाईनं हाक मारली, “कुठं चाललास? पसर की उपरणं.”

तो थांबला. त्याला वाटलं मजुरी देतेय. “नगं तानाक्का. मी रोजानं आलो न्हवतो.”

“रोज कोण देतंय? गुळव्याचा वाटा हाय ह्यो.”

बलुतेदारांत हशा पिकला. लोहार म्हणाला, “आक्का, जोंधळ्याच्या रानाला गुळव्या लागतुया व्हय गं?”

“लागतो की,” तानाबाई म्हणाली, आणि सूप राशीत खुपसलं. “माज्या रानात ऊस लागला न्हाय, त्यो ज्यानं लागू दिला न्हाय, त्येचा ह्यो वाटा. मी हाय तवर दर साली देणार.”

मग कुणी हसलं नाही. लालासाबनं खांद्यावरचं उपरणं काढून पसरलं. दोन टोकं चाँदबीनं धरली, दोन त्यानं, आणि तानाबाईनं जोंधळा ओतला.